पिवळ्या दोरीतला शब्द

आमच्या घरात इंग्रजी शब्द भिंतीवर टांगलेले असायचे. दोन खिळे आणि नायलॉनच्या दोन दोऱ्या, एक हिरवी, एक पिवळी. महाळुंग्यातल्या आमच्या घरी आलेलं माणूस आधी त्या दोऱ्यांकडे बघायचं आणि मग आमच्याकडे, ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेनं.

ही करामत आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. गाड्यांच्या दरवाज्यांचे पार्ट तपासायचे. बरोबर असेल तो ओके, दुरुस्त होण्यासारखा असेल तो रिवर्क. मी दहावीपर्यंत मराठी शाळेतली. अकरावी-बारावी कशीबशी घोकून काढली, मेडिकलला नंबर लागला आणि पहिल्याच महिन्यात पाचावर धारण बसली. वर्गातल्या पोरी फाडफाड इंग्रजी बोलायच्या आणि मला एका पानाला वीस वेळा डिक्शनरी उघडावी लागायची. एका शनिवारी हॉस्टेलवरून घरी आले ती रडतच. "मला नाही जमत, मी सोडते," म्हणून आईच्या मांडीत डोकं खुपसलं.

आण्णा माझी डिक्शनरी चाळत बसले. मला राग आला होता, एवढी मी रडतेय आणि हा माणूस गप्प! पुढच्या शनिवारी मात्र त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याच्या टॅगांचा गठ्ठा काढला. कंपनीत पार्टला लावायचे टॅग, छपाई चुकली म्हणून भंगारात निघालेले, साहेबांना विचारून आणलेले.

"एका बाजूला शब्द लिही, मागं मराठीत अर्थ," ते म्हणाले. "मला कळंल असा लिही. मला न्हाई कळला तर तुलाबी कळला न्हाई असं समज."

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी आमची तपासणी सुरू झाली. फर्स्ट शिफ्ट करून आलेले आण्णा अंघोळ करून, चष्मा लावून खुर्चीत बसायचे. एकेक शब्द वाचायचे, मी अर्थ सांगायचा. बरोबर आला की टॅग हिरव्या दोरीत. चुकला की पिवळीत, म्हणजे रिवर्क, पुढच्या शनिवारी पुन्हा. पेरिटोनियम, पोटाच्या आतलं अस्तर. मेटास्टॅसिस, गाठीचं दुसरीकडे पसरणं. सूचर, टाका. आई ताटं वाढता वाढता करवादायची, "अहो, जेवताना तरी त्या लोकांची आतडी बाजूला ठेवा की!"

एकदा मी लबाडी केली. आण्णा बाहेर गेलेले बघून पिवळ्या दोरीतले चार टॅग गुपचूप हिरवीत सरकवले. त्यांनी आल्या आल्या ओळखलं. आयुष्यात माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस तेव्हा लालबुंद झाला. "ज्यानं पार्ट बनवला त्यानं सोताच पास करायचा न्हाई! तपासणारा दुसराच लागतो. कंपनीत हे केलं असतंस तर गेटाभाईर काढलं असतं." मीही कमी नव्हते, पाय आपटत आत गेले. पण त्या दोऱ्यांना पुन्हा हात लावला नाही.

सर्जरीला ॲडमिशन मिळाली तेव्हा भावकीतले लोक म्हणाले, पोरीच्या जातीला चिरफाड कशाला, कातडीचं डॉक्टर कर. आण्णा म्हणाले, "आतड्याची दोन टोकं जोडायची तर त्याला काय म्हणत्यात ते तुमाला सांगता यील का? मग गप बसा." ॲनास्टोमोसिस हा टॅग त्याच आठवड्यात हिरव्या दोरीत गेला होता. काय मिजास होती त्यांची!

माझ्या रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी आण्णांचं पोट दुखायला लागलं. मी हट्टानं त्यांना माझ्याच हॉस्पिटलात आणलं. सीटी स्कॅन झाला. सकाळच्या राउंडला माझे सर त्यांच्या खाटेशी उभे राहून माझ्याशी इंग्रजीत बोलले. पेशंटसमोर वाईट सांगायचं तर इंग्रजीत, ही आम्हा डॉक्टरांची जुनी खोड. पोटातली गाठ, मेटास्टॅसिस, पेरिटोनियमवर सगळीकडे. ऑपरेशनचा उपयोग नाही. आता फक्त पॅलिएटिव्ह. मी माना डोलावत होते. समोर कोण झोपलंय, त्यानं काय काय पाठ केलंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

सर पुढच्या खाटेकडे गेले. आण्णा छताकडे बघत म्हणाले, "पेरिटोनियम म्हंजी पोटातलं अस्तर. हिरव्या दोरीत हाय."

मी हातातली फाइल मिटली.

"एक तेवढा कळला न्हाई," ते म्हणाले. "पॅलिएटिव्ह. त्याचा टॅग आपल्याकडं न्हाई."

त्यांना खरं कळू नये यासाठी सीटीचा रिपोर्ट बघून मी आईलासुद्धा अर्धंच सांगितलं होतं. आता त्या शब्दाचा अर्थ सरळ सांगायला हवा होता, की आण्णा, तुम्ही बरे होणार नाही, पण तुम्हाला दुखू देणार नाही. मराठीत, त्यांना कळेल असं. आणि मी म्हणाले, "औषधाचं नाव आहे, आण्णा. भारी असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले.

चार महिने ते घरी होते. मी दर शनिवारी जायचे, आज पुन्हा विचारतील ही धास्ती घेऊन. त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आम्ही नुसते टीव्ही बघत बसायचो, दोऱ्यांकडे मी मान वळवत नव्हते.

आता मी निगडीत ऑपरेशनं करते. हे सगळे शब्द दिवसभर तोंडात असतात, पण अर्थ काय म्हणून कुणी विचारत नाही. ज्युनियर पोरं पेशंटसमोर इंग्रजीत कुजबुजली की मी अशी खवळते की सिस्टरसुद्धा दचकतात. आणि शनिवारी संध्याकाळी, कितीही काम असलं तरी, त्या खुर्चीसमोर एकदा बसावं, चष्म्यावरून बघत त्यांनी "हां, बोल," म्हणावं, यासाठी जीव नुसता तुटतो.

गेल्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचा म्हणून आईनं भिंत मोकळी करायला सांगितली. हिरवी दोरी दोन्ही हातांनी उचलावी लागली. पिवळीत एकच टॅग होता. अक्षर माझं नव्हतं, आण्णांचं होतं, थरथरतं. पुढे लिहिलं होतं, पॅलिएटिव्ह. मागे, औषधाचं नाव.

मी सांगितलेला अर्थ त्यांनी जसाच्या तसा लिहून घेतला होता आणि रिवर्कला टाकला होता.

रंग वाळल्यावर मी दोन्ही खिळे परत ठोकले. आई म्हणाली, "अगं, आता तरी घाल तो हिरवीत. तुला येतोय ना अर्थ?"

येतो. पण आपला पार्ट आपणच पास करायचा नसतो.