तांब्या घेऊन टाकीवर

आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही. जैनांच्या घरी ही मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, पण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. सकाळी सव्वासहाला नळ येतो. आई नळाच्या तोंडाला पांढरं सुती कापड दुहेरी करून बांधते, दोन घागरी आणि एक कळशी भरते. मग कापड सोडून उलटं धरते, वरून गाळलेलं पाणी ओतते आणि कापडाला अडकलेलं सगळं एका तांब्यात उतरवून घेते. त्या तांब्यातल्या पाण्याला जिवाणी म्हणतात. त्यातले बारीक जीव मरू नयेत म्हणून पाणी जिथून आणलं तिथंच जिवाणी परत सोडायची, असा नेम आहे. गावात विहीर होती तोवर ते सोपं होतं. विहीर बुजवून तिथं पंचायतीचे गाळे झाले, घरोघर नळ आले आणि आई जिवाणी घरामागच्या ओढ्यात सोडू लागली. हे तिला कधीच पटलं नाही. “कुठलं पाणी आन् कुठं सोडायचं,” असं ती म्हणायची.

गाव निपाणीपासून बसनं वीस मिनिटांवर आहे. आमचं घर गल्लीच्या टोकाला. समोर अंगणवाडी, तिच्या मागं पाण्याची उंच टाकी. वडिलांना गावात सगळे आप्पा म्हणतात, आम्हीही. त्यांचं आयुष्य निपाणीत तंबाखूच्या वखारीत माल तपासण्यात गेलं. पोत्याच्या वरचं पान ते कधी बघत नसत. कोपरापर्यंत हात आत घालून मधलं पान काढायचे आणि त्यावर दर्जा ठरायचा.

मी बेळगावात एका मराठी दैनिकात डेस्कवर काम करते. खासबागेत खोली आहे. सरकारी कचेऱ्यांतून येणाऱ्या कानडी प्रेसनोटी मराठीत करणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. मंगळवारी सुट्टी असते, तेव्हा गावी जाते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता आईच्या कापडावर लाल किडे दिसू लागले. दोऱ्याच्या तुकड्याएवढे, वळवळणारे. पहिल्या दिवशी दोन, आठवड्यानंतर मोजायचं सोडून दिलं. आईनं कापड दुहेरीचं चौपदरी केलं. आप्पा मात्र ओट्यावर बसून समोरच्या अंगणवाडीकडं बघत होते. तिथं त्याच टाकीच्या नळाला नळी लावून प्लास्टिकचं पिंप भरतात आणि मुलं त्याच्या तोटीला पेला लावतात.

“आपण गाळून पितो,” आप्पा म्हणाले. “ती लेकरं काय गाळत्यात?”

दुसऱ्या दिवसापासून आईनं एक घागर जास्त गाळायला सुरुवात केली. साडेनऊला अंगणवाडीची सेविका यायची, घागर न्यायची, दुपारी रिकामी आणून ठेवायची. मुलांना प्यायला तेच पाणी. आप्पांना ते पुरेसं वाटेना. घागर म्हणजे टाकी साफ होणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं.

त्यांनी पंचायतीत अर्ज दिला. अर्ज कानडीत लिहिला. आमच्याकडं हे शहाणपण सगळ्यांना असतं. मराठीत दिला की उत्तर भाषेबद्दल येतं, पाण्याबद्दल येत नाही. अर्जाबरोबर त्यांनी ओलं कापड घडी करून नेलं आणि टेबलावर उलगडलं. पंचायतीतला कारकून गावचाच. तो म्हणाला, “आप्पा, मोजून आणलासा काय? का आम्हीच मोजायचं?” विकास अधिकारी, ज्यांना सगळे पीडीओ म्हणतात, तरुण होते, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. त्यांनी कापडाकडं बघितलं आणि “नोडोणा” म्हणाले. बघू. आप्पांनी अर्जाची पोच मागितली. शिक्का सापडत नव्हता.

तीन आठवड्यांत ते चार वेळा गेले. चारही वेळा नोडोणा. मग एका सकाळी टाकीच्या खांबावरच्या फलकावर, ‘टाकी स्वच्छ केल्याची तारीख’ या ओळीपुढं, आदल्या दिवसाची तारीख रंगवलेली दिसली. आदला पूर्ण दिवस आप्पा ओट्यावर होते. फलक माणसाच्या उंचीवर आहे. तो रंगवायला टाकीवर चढावं लागत नाही.

पुढचा मंगळवार आला. मी घरी होते. सकाळी आईनं नेहमीप्रमाणं जिवाणीचा तांब्या भरला. आप्पांनी तो तिच्या हातातून घेतला.

“कुठं?”

“जिथनं आलं तिथं. तुझा नेम हाय न्हवं?”

त्यांना टाकी बघायची होती आणि निमित्त आयतं हातात होतं, हे आम्हा दोघींना कळलं. सत्तरीला आलेला माणूस एका हातात तांब्या धरून लोखंडी शिडी चढत होता आणि आम्ही खाली उभ्या होतो. मी दोनदा हाक मारली. ते थांबले नाहीत. वर पोचल्यावर वाकले. खालून टाकीचं तोंड दिसत नाही. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, तीही कमरेच्या वरची. दोनेक मिनिटांनी ते उतरले.

“झाकाण न्हाय,” ते म्हणाले. “अर्धा पत्रा टाकलाय. कबुतर मरून पडलंय आत, पंख तेवढं वर दिसत्यात. तळाला हातभर गाळ असंल.”

“जिवाणी सोडलीसा?” आईनं विचारलं.

“त्या पाण्यात? जीव सोडायला पण मन धजंना.”

ते ओढ्यावर गेले आणि तांब्या रिकामा केला. हे मी पाहिलं. तांब्यातून ओढ्यात पाणी पडलं. चढता-उतरताना हिंदकळून किती सांडलं होतं आणि उरलं होतं ते किती, हे मी सांगू शकत नाही.

त्या महिन्यात ग्रामसभा झाली. नागरिकांचे प्रश्न हा विषय पत्रिकेवर शेवटचा असतो. तोवर निम्मे लोक उठलेले असतात. आप्पा उभे राहिले आणि टाकीत काय आहे ते सांगितलं. झाकण, पत्रा, कबुतर, गाळ. फलकावरची तारीख खोटी आहे, असंही म्हणाले. लोक परत बसू लागले. पीडीओंनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. आत काय आहे हे तुम्हाला कसं कळलं?

“चढून बघितलं.”

“एकटेच?”

“एकटाच. तांब्या व्हता हातात.”

कारकुनाची लेखणी थांबली. “तांब्यात काय व्हतं आप्पा?”

“जिवाणी.”

“म्हंजे किडंच की!” तो म्हणाला. “लोकं खालनं वर तक्रार नेत्यात. आप्पांनी थेट किडंच नेलं वर.”

सभा हसली. मीही तिथं होते. हसू मनापासूनचं होतं, वाईट हेतूचं नव्हतं. आप्पा थोडे हसले आणि म्हणाले की तांब्या टाकीत ओतला नाही, ओढ्यात ओतला. तोपर्यंत लोक आपापसांत बोलू लागले होते. पीडीओंनी इतिवृत्त सांगितलं, कारकुनानं कानडीत लिहिलं: सदर ग्रामस्थ परवानगीशिवाय, किडे असलेल्या पाण्याचं भांडं घेऊन टाकीवर चढल्याचं त्यांनी सभेत स्वतः सांगितलं. ओढ्याचा उल्लेख नव्हता. खाली सहीसाठी वही आप्पांपुढं ठेवली.

“सही करू नका,” मी म्हणाले.

“का गं? खोटं काय लिवलंय त्यात?”

“ओतलं नाही ते लिहिलेलं नाही.”

“ओतलं म्हणून तरी कुठं लिवलंय?”

त्यांनी सही केली. वखारीत इतकी वर्षं वरचं पान बघून कधी शिक्का न मारलेला माणूस. लिहिलेलं वाक्य खरं आहे एवढंच त्यांनी तपासलं.

किड्यांच्या अर्जाला तीन आठवडे नोडोणा होतं. टाकीवर चढण्याचा बंदोबस्त आठ दिवसांत झाला. गॅस कटर घेऊन माणूस आला, शिडीच्या खालच्या पायऱ्या दोन पुरुष उंचीपर्यंत कापून घेऊन गेला. नवा फलक लागला: परवानगीशिवाय टाकीवर चढणे हा गुन्हा आहे. कानडीत मोठ्या अक्षरांत, मराठीत लहान अक्षरांत. मराठीत लावला याचं गल्लीत कौतुक झालं. नळाला पाणी सोडणारा पंचायतीचा माणूस कापलेल्या शिडीखाली उभा राहून वर बघत होता.

“आता तू कसा रं चढणार?” आप्पांनी विचारलं.

“मी कवा चढत हुतो?” तो म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या आणि शेजारच्या गल्लीत उलट्या जुलाब सुरू झाले. अंगणवाडीतली पाच मुलं आजारी पडली. ती आमच्याच घागरीचं पाणी पीत होती, हेही लिहायला हवं. कापडानं किडे अडतात, रोग अडत नाही. आणि मुलं घरी गेल्यावर घरच्या नळाचं पाणी पितात. दोघांना निपाणीला सलाइन लावावं लागलं. सगळी बरी झाली. आरोग्य खात्याचे लोक आले, एका नळाचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. तपासणीत काय निघालं ते आप्पांनी पंचायतीत विचारलं. कागद तालुक्याला आहे, असं उत्तर मिळालं. तालुक्याला गेले, तर कागद पंचायतीला पाठवला होता.

साथीची प्रेसनोट माझ्या टेबलावर संध्याकाळी पाचला आली. कानडीत एक पान. पहिले दोन परिच्छेद उपाययोजनांचे होते, ते मी मराठीत करून मोकळी झाले. तिसऱ्यात लिहिलं होतं की, दूषित पाण्याच्या कारणांचा शोध सुरू असून, एक ग्रामस्थ किडेयुक्त पाण्याचं भांडं घेऊन टाकीवर चढल्याची नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात आहे. त्या दिशेनंही चौकशी करण्यात येईल. नाव नव्हतं. गावाचं होतं.

मी उठून वृत्तसंपादकांकडं गेले. हे माझ्या घरचं आहे, मी करू शकत नाही, म्हणाले. त्यांनी कागद वाचला.

“ओतलं नाही हे तू पाहिलंस?”

“खालून दिसत नाही.”

“आणि चढले होते?”

“हो.”

“सही त्यांचीच?”

“त्यांचीच.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “मग सांग, आपण काय छापायचं?” त्यांना खरंच उत्तर हवं होतं. त्यांनी बातमी दुसऱ्या सहकाऱ्याकडं दिली. सहकाऱ्यानं नियमानुसार दुसरी बाजू घेण्यासाठी आप्पांना फोन लावला. मी चार फुटांवर बसले होते. फोनमधून त्यांचा आवाज येत होता.

“चढलो व्हतो. तांब्या व्हता. ओतला न्हाय.”

“कुणी पाहिलं होतं का, काका?”

“वर मी एकटाच व्हतो. आन् ते कबुतर.”

बातमी आठ ओळींची आली. त्यांचा नकार शेवटच्या वाक्यात होता. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर मीही तशीच लिहिली असती.

चौकशी झाली की नाही, कळलं नाही. आप्पांना कुणी बोलावलं नाही. तालुक्याहून मोठी शिडी आली, टाकी साफ झाली, त्याचा फोटो काढला. आप्पा जवळ जाऊ लागले तेव्हा त्यांना लांब उभं राहायला सांगितलं. झाकणाचं विचारलं, तर झाकण मंजूर झालं आहे, म्हणाले.

त्यानंतरच्या एका मंगळवारी दुपारी अंगणवाडीची सेविका आली. ओट्याच्या पायरीवरच उभी राहिली. आई “बस की” म्हणाली, ती बसली नाही.

“आक्का, राग धरू नका माझ्यावर. वरनं सांगितलंय, त्या घरचं पाणी पोरास्नी देऊ नका म्हणून.”

“कुणी सांगितलं?” आप्पांनी विचारलं.

“वरनं.”

“लेखी हाय?”

“तोंडी.”

“मग लेखी माग.”

“आप्पा, लेखी मागाय गेलतासा तुम्ही,” ती म्हणाली. “काय झालं बघितलं की मी. मला दोन लेकरं हाईत.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिनं घागर खाली ठेवली. घासून, पुसून, कोरडी करून आणली होती.

टाकी साफ झाल्यावर आईचं कापड महिनाभर पांढरं निघत होतं. मग पुन्हा एक लाल दोरा दिसला. आईनं कापड आप्पांपुढं धरलं. त्यांनी बघितलं, घडी केली आणि तिच्या हातात परत दिलं. अर्ज लिहिला नाही. मीही लिहा म्हणाले नाही.

अंगणवाडीची जादा घागर आई अजून रोज सकाळी गाळते. भरून ओट्यावर ठेवते, वर झाकण. साडेनऊला समोर मुलं येतात, पेले घेऊन पिंपाच्या तोटीला उभी राहतात. आमच्या ओट्यावरून सगळं दिसतं. मागच्या मंगळवारी मी तिला विचारलं, आता कुणी नेत नाही, मग कशाला भरतेस?

“मागाय आलं कोण तर?” ती म्हणाली.

बारा वाजता मुलं घरी गेली. तिनं घागर उचलली आणि जास्वंदीला ओतली.