काटोलच्या पोपटांचं रक्त

नागपूर स्टेशनात उतरलो तेव्हा माझ्या हातात बर्फाचा डबा होता आणि सदाशिवच्या खांद्यावर जाळं. पुण्याच्या प्रयोगशाळेनं आम्हा दोघांना पाठवलं होतं. रानपोपटांच्या अंगात एखादा विषाणू आहे का, हे पाहण्यासाठी त्यांचं रक्त न्यायचं होतं.

काटोलची एसटी पकडली. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "मासे पकडाले चालले काय?"

"पोपट."

ते उरलेला सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत बसले.

नामदेवरावांच्या संत्र्याच्या बागेत आमचं जोरदार स्वागत झालं. पिठलं, ज्वारीची भाकर, ठेचा. पहिल्याच घासाला सदाशिवच्या डोळ्यांतून पाणी आलं. नामदेवराव म्हणाले, "साहेब, रोग नक्की काढा. म्हणजे सरकार यायले मारून टाकन. अर्धी बाग खाऊन राहिले हे."

त्यांच्या पत्नी कौसल्याबाईंनी सदाशिवच्या ताटात गुळाचा खडा ठेवला.

पहाटे जाळं लावलं. थवा उतरला, काही पोपट अडकले. सदाशिव एकेक सोडवून देत होता, मी पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन पक्षी सोडत होतो. एवढ्यात जाळ्यातून आवाज आला, "काहून गा?" (का रे?)

सदाशिवनं जाळंच टाकून दिलं.

कौसल्याबाई धावत आल्या. "माहा मिठू आहे थो," त्या म्हणाल्या. गेल्या वर्षी पिंजऱ्यातून उडालेला. त्यांनी त्याला पदरात घेतलं. "रोग निघाला तर मारसान का याले?"

"ते माझ्या हातात नाही, बाई," मी म्हणालो. तेच खरं होतं.

त्यांनी मिठूच्या डोक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "घ्या. पण धरीन मीच." त्यांनी धरलं, मी सुई लावली, मिठूनं चावून माझा अंगठा फोडला.

नामदेवरावांनी पिंजरा आणला. कौसल्याबाईंनी मात्र झाडाकडं पाहिलं. तिथं एक मादी सारखी ओरडत होती. "संसार असन त्याचा," म्हणत त्यांनी मूठ उघडली.

नामदेवराव पिंजरा खाली ठेवून खांद्यावरच्या, पोपट हाकलायच्या गोफणीकडं पाहत राहिले. "आता दगड मारू कोणाले? मिठू कोणता, हे कसं समजन मले?"

परतीच्या गाडीत मला ताप भरला. सदाशिव हळूहळू बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला. मी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. रोग शोधायला एवढ्या लांब जावं आणि तो सापडू नये असं वाटत परत यावं, असा प्रवास मी पूर्वी केला नव्हता.

पुण्यात प्रयोगशाळेतल्या साहेबांनी आधी माझंच रक्त घेतलं. यथावकाश पोपट निरोगी ठरले. मला निघाला साधा मलेरिया, पुण्याहूनच नेलेला.

साहेब सुस्कारा टाकून म्हणाले, "बरं झालं, तुम्ही पोपटांना चावला नाहीत."