पुराव्याची ओळ

इथं आखातात, अल मुंतझा वस्तीत, आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचा एक क्लार्क राहतो. दर शुक्रवारी चहा गार होईपर्यंत तो इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात रॉक अल्बमांची पानं दुरुस्त करत बसतो. त्यातल्या एका अल्बमात तरुणपणी मी ढोलकी वाजवलीय, पण पानावर माझं नाव नव्हतं.

"लिही की," मी म्हटलं.

"काका, पुरावा?"

"मी सांगतोय ना."

"मला तुमचा शब्द पुरे, पानाला नाही पुरत."

महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. त्यानं मात्र चार जणांना विचारून त्या जुन्या कॅसेटच्या कव्हरचा फोटो मिळवला. त्यावर बारीक अक्षरांत माझं नाव होतं. ते त्यानं पुराव्यासकट पानावर चढवलं.

मला इंग्रजी वाचता येत नाही. दर शुक्रवारी तोच ती ओळ वाचून दाखवतो. "बसा, काका," म्हणतो. मी उभ्यानंच ऐकतो.