साम्यवादाचा तास आणि माझा ड्रॉवर

आता काय सांगू तुम्हाला, साम्यवाद शिकवता शिकवता मी भर वर्गात कसा उघडा पडलो ते!

जळकोटच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे पुढच्या वर्षी ठेवायचं की नारळ द्यायचा, हे प्राचार्यांच्या मनावर. आणि त्या मंगळवारी नेमके तेच माझा तास तपासायला मागच्या बाकावर येऊन बसले!

आदल्या दिवशी मी गिरण्यांमधल्या मजुरांपासून निघून थेट रशियाच्या क्रांतीपर्यंत गाडी दामटली होती. तेव्हा रुक्मिणी नावाच्या पोरीनं विचारलं, "सर, सगळं सगळ्यांचं, एवढं चांगलं व्हतं, तर मग बिघडलं कुठं?"

"उद्या सांगतो," म्हणालो. मलाच येत नव्हतं हो!

म्हणून युक्ती काढली. सगळ्यांचे डबे टेबलावर. ज्यानं त्यानं असेल ते द्यायचं, भूक असेल तेवढं घ्यायचं. वाटप कोण करणार? अर्थात मी! भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, सगळं जमा झालं. प्राचार्य मान डोलावत होते.

"सर, तुमचा डबा?" रुक्मिणीनं विचारलं.

"मंगळवार आहे ना, देवीचा उपास!"

खोटं! साफ खोटं! टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आठ गुलाबजाम होते, खास धाराशिवहून आणलेले. तुम्हीच सांगा, असे गुलाबजाम कुणी चाळीस पोरांत वाटतं का?

"इथं कुणी मालक नाही, सगळे समान!" मी भाकरी मोडत गर्जत होतो. तेवढ्यात पोरं खुसुखुसू हसायला लागली.

"सर, मुंग्या बगा की! लई मोठी रांग हाय!"

पाक गळत होता. टेबलाच्या पायावरून लाल मुंग्यांचा मोर्चा निघाला होता, थेट माझ्या ड्रॉवरवर. प्राचार्य उठले, ड्रॉवर ओढला, डबा उघडला. गेली नोकरी! 

रुक्मिणी उभी राहिली. "कालचं कळलं बगा, सर. वाटणाऱ्याचा ड्रॉवर कुणीच बघितला न्हाय, तिथंच बिघडलं!"

प्राचार्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा! काय प्रात्यक्षिक आखलंत हो तुम्ही! पुढच्या वर्षी तुम्हीच पाहिजे."

मी लाजल्यासारखं केलं.

डबा त्यांनी रुक्मिणीकडं दिला. तिनं एकेका गुलाबजामचे पाच तुकडे केले नि वाटत सुटली. शेवटचा तुकडा उरला. मी हळूच हात पुढं केला.

"असं कसं, सर?" ती तुकडा तोंडात टाकत म्हणाली. "तुमचा उपास हाय न्हवं?"