सोवळ्याच्या वळणीवरचा मोर

माझी लेक वनखात्यात वनरक्षक आहे. लोकांना वाटतं, ती वाघांमागे फिरते. कुंभकोणात वाघ कुठले? मोर भातात शिरला, माकडानं देवळातला नारळ पळवला, कुणाच्या न्हाणीत साप निघाला, की हिला फोन. जनावराला खरचटलं तर जाबही हिलाच विचारतात.

तेव्हा तिची नोकरी पक्की व्हायची होती. एके दुपारी ती मेलकावेरीला घरी जेवायला आली, आणि कुत्र्यांनी पिटाळलेला एक मोर मागच्या दारानं आत घुसला. तो थेट माजघरातल्या उंच वळणीवर जाऊन बसला. तिथं माझ्या थोरल्या जावेचं सोवळ्याचं लुगडं वाळत होतं. ते काठीनं घालायचं, काठीनंच काढायचं, आणि ती काठीही दुसऱ्या कुणी शिवायची नाही.

"आई, आधी पंखा बंद कर," लेक हळूच म्हणाली. "याचा पाय मोडला तर माझी नोकरी गेली."

मी पंखा बंद केला.

"डोळे झाकले की मोर गप्प राहतो. काकू, ते लुगडं काठीनं त्याच्या डोक्यावर ढकलू?"

"खबरदार! उद्या तुझ्या आजोबांचं श्राद्ध. मी काय नेसू, तुझी वर्दी?"

"मग तुम्हीच ढकला."

"आणि तो मेला शिवला म्हणजे?"

मी म्हटलं, "अक्का, मोर मुरुगाचं वाहन. त्याचा कसला विटाळ?"

"वाहन बाहेर लावायचं असतं. माजघरात आणतात होय?"

लेक रडकुंडीला आली. मोरानं पंख झटकले, शेपूट उचललं आणि बरोबर पदरावर शिटला.

जाऊनं पदराकडे पाहिलं. मग ओरडली, "झालं ओवळं! घे आता!"

"काठीसुद्धा?" लेकीनं घाबरत विचारलं.

"काठी घे, जीव घे माझा!"

लेकीनं लुगडं ढकललं. मोर आंधळा होऊन खाली आला तो माझ्या अंगावर. त्याची नखी माझ्या नाकाला लागली आणि भळाभळा रक्त आलं. लेकीनं मोराचे दोन्ही पाय तपासले, पंख उलगडून पाहिले आणि आनंदानं ओरडली, "आई, काही झालं नाही!"

त्याच लुगड्यात गुंडाळून तिनं मोर इन्नंबूरकडच्या झाडीत सोडला. कागदावर लिहिलं, 'पक्ष्यास इजा नाही.' तिची नोकरी पक्की झाली. माझ्या नाकाचं त्या कागदात काहीच नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, माणसं आमच्या खात्यात येत नाहीत.