एकोणऐंशी

उमरग्याच्या नव्या कॉलनीतल्या घरात आम्ही वर राहतो, खाली मोठे दीर आणि जाऊबाई. नवरा कामावरून आला की आधी खालच्या स्वयंपाकघरात टेकतो. चहा तिथंच होतो. दिवसभराच्या गमती तिथंच सांगून होतात आणि माझ्याकडं येतो तेव्हा त्याचं हसून संपलेलं असतं. मी जिन्यातून ऐकते. खाली जाऊन बसावं, एवढं मला जमत नाही.

पाण्याचं पहिलं बिल आलं, ते खालच्यांपेक्षा जास्त होतं. मीटर कसं वाचायचं ते मी फोनवर बघून ठेवलं. काळे आकडे म्हणजे युनिट, एक युनिट हजार लिटरचं. लाल आकडे लिटरचे, ते सोडायचे. निदान हे एक काम आमच्या दोघांचं असावं, असं वाटत होतं.

रविवारी फाटकाजवळच्या मीटरच्या खड्ड्यावरचं झाकण काढून मी वाकले. नवरा बिल घेऊन उभा होता.

"किती?"

डोक्यात आलं सेव्हंटी-नाइन. पण जाऊबाई शेजारीच तुळशीला पाणी घालत होत्या, म्हणून मराठीत म्हणाले, "एकोणसत्तर."

"बिलावर तर रीडिंग शहात्तर हाय! न बघताच लिहितात की काय? थांब, उद्याच जाऊन विचारतो. बरं झालं तू बघितलंस."

इतक्या कौतुकानं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी मान वर केली, ती जाऊबाई बघतायत का हे पाहायला.

त्या बघत होत्या. तांब्या ठेवून आल्या आणि खड्ड्यात डोकावल्या.

"अगं, एकोणऐंशी हाय की हे! भावजी, भांडायला जाऊ नका, हसतील लोक."

"आमच्या मॅडमनी दहा युनिट पाणी वाचवलं, वहिनी!"

दोघं हसले. माझ्या इंग्रजी शाळेत मराठी आकड्यांचा तास असायचा, पण एकोणवर माझी गाडी कायम घसरायची. जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुम्हा दोघांचं बिल जास्त येतंय, हे बरोबरच हाय. टाकीचा बॉल बिघडला असंल, वरून पाणी सांडतंय बघा." त्या प्रेमानंच बोलल्या. तो हात मला नको होता.

टाकीचा बॉल त्याच संध्याकाळी बदलला. निघालं तसंच, त्यांनी सांगितलं होतं तसं.

पुढच्या महिन्यात नवरा खाली फाटकाजवळून ओरडला, "वहिनी, दोन्ही मीटर बघता का जरा?"

"आपलं मी बघते," मी जिन्यातूनच म्हणाले, आणि आवाज फाटकापर्यंत गेला. मी खाली पोचले तशा जाऊबाई खड्ड्यापासून बाजूला झाल्या. "बघ की बाई."

मी वाकले, काळे आकडे दोनदा वाचले आणि सरळ सांगितलं, "एटी-फोर."

"चौऱ्याऐंशी," जाऊबाई सवयीनं म्हणाल्या.

नवऱ्यानं मोबाइलात आकडा टिपला. टिपताना तो त्यांच्याकडं बघत होता.