दादांचं लिव्हर

धाकट्या मास्तरांनी आयुष्यात एकाच माणसाचा हेवा केला, पण मन लावून केला. तो माणूस म्हणजे त्यांचे सख्खे दादा. दोघांचं शिवणकामाचं दुकान एक, कापड बेतायचं टेबल एक. पण गिऱ्हाईक आत शिरलं की मोठ्या मास्तरांनाच विचारायचं आणि धाकट्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

साठी उलटली तरी हे दुखणं काही बरं झालं नाही. त्यात दोघांनी एकाच दिवशी रक्त तपासून घेतलं. अडुसष्ट वर्षांच्या दादांचं लिव्हर ठणठणीत, आणि बासष्टीतल्या धाकट्यांच्या लिव्हरवर चरबी. डॉक्टरीणबाईंनी तळलेलं, गोड बंद केलं, रोज तासभर चालायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाल्या.

चालतंय कोण! दादा जेवणानंतर एक पिवळी गोळी घेतात, हे मास्तरांनी हेरलं होतं. म्हणजे सगळी करामत गोळीची! दादांच्या खणात हळूच डोकावून त्यांनी तशीच डबी आणली, आणि दादांपेक्षा वरचढ असावं म्हणून हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूलही आणल्या. कापड बेतताना बोटभर जास्त सोडायची चाळीस वर्षांची सवय. डबीवर एक लिहिलेली असली की हे दोन घ्यायचे, दोन असल्या की चार. बायकोने हटकलं, तर कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं, असं तिलाच ऐकवलं.

तीन महिन्यांत अन्नावरची वासना उडाली आणि रिपोर्टातले आकडे दुप्पट झाले. काय काय घेता, असं बाईंनी विचारलं तेव्हा मास्तर चष्मा पुसायला लागले, कारण शेजारी दादा बसलेले. शेवटी सोबत आलेल्या बायकोनेच डब्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. उतारवयात अशा गोळ्यांचा एखाद्याला फायदा होतही असेल, बाई म्हणाल्या, पण दादांना जीवनसत्त्व कमी पडत होतं म्हणून त्यांना ती पिवळी गोळी मोजून दिली होती. तुम्ही घेतलेला अर्क इतका झाला की लिव्हरलाच सोसेना. सगळं आजपासून बंद. बहुतेक सावरेल, पण आत्ताच खात्री देता येणार नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दादांनी त्यांचा दंड धरला.

"घाबरू नकोस. वेळ आलीच तर माझ्या लिव्हरचा तुकडा घे. माझं चांगलं आहे."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यात माया होती, खोटं कशाला बोला. पण पोटात जळलंही तेवढंच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते चालायला बाहेर पडले. मरण परवडलं, पण दादांच्या लिव्हरवर जगणं नको.